ताळा जुळला, उत्तर चुकलं: एडमंटनच्या एका इन्फ्युजन पंपाचं प्रकरण

आधी एक गणित. ५,२५० मिलिग्रॅम औषध चार दिवसांत द्यायचं आहे. पिशवीतल्या द्रावणाच्या दर एमएलमध्ये ४५.५७ मिलिग्रॅम औषध आहे. औषध सावकाश शिरेत सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपावर तासाचा वेग टाकायचा आहे. किती टाकाल?

५,२५० भागिले ४, म्हणजे रोजचे १,३१२.५ मिलिग्रॅम. त्याला ४५.५७ ने भागलं की येतात २८.८. हे झाले दिवसाचे एमएल. आता चोविसाने भागायचं. उत्तर १.२. तासाला १.२ एमएल.

सगळे मिळून तीन भागाकार. ३१ जुलै २००६ रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहरातल्या क्रॉस कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये यातला शेवटचा भागाकार राहून गेला. पंपावर १.२ ऐवजी २८.८ हा आकडा गेला. चार दिवस पुरायचं औषध चार तासांत संपलं. ४३ वर्षांची ती रुग्ण २२ ऑगस्टला, म्हणजे बावीस दिवसांनी, दगावली.

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण वैद्यकीय उपकरण 'चांगलं' आहे की नाही हे आपण जिथे तपासतो आणि ते जिथे वापरलं जातं, त्या दोन जागांमधलं अंतर इतकं उघडं दाखवणारी प्रकरणं फार थोडी आहेत. त्या बाईंचं नाव सार्वजनिक नोंदींत आहे, पण इथे त्याची गरज नाही.

औषध आणि पंप

रुग्णाला नाकामागच्या घशाचा पुढच्या टप्प्यावरचा कर्करोग होता. उपचारात दोन औषधं होती, सिसप्लॅटिन आणि फ्लुरोयुरॅसिल. फ्लुरोयुरॅसिल हे केमोचं जुनं आणि जगभर रोज वापरलं जाणारं औषध. आपल्याकडच्या डे-केअर केमो विभागांत सिस्टर त्याला 'फाइव्ह-एफयू' म्हणतात. ते रक्तातून फार लवकर निघून जातं, म्हणून काही उपचारपद्धतींत ते सावकाश, सलग काही दिवस थेंबथेंब दिलं जातं. तेवढाच डोस घाईने शरीरात गेला, तर झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशींना तो झेपत नाही. तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवते, जंतुसंसर्ग शिरतो. आणि हे लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी माणूस बरा वाटतो. पुढचे दिवस मात्र ठरून गेलेले असतात.

चार दिवस रुग्णालयात पडून राहावं लागू नये म्हणून रुग्णाच्या कमरेला अडकवता येईल असा छोटा पंप लावून घरी पाठवतात. घरच्या माणसांत राहून उपचार घेता येतात, हे खरोखर मोठं सुख आहे. पण त्याचा एक परिणाम असा की पंप सुरू झाला आणि रुग्ण दाराबाहेर पडला, की त्या आकड्याकडे पुन्हा बघणारं जाणतं माणूस जवळ नसतं. वॉर्डात दर तासाला कुणी ना कुणी बाटलीकडे नजर टाकतं आणि 'अगं, ही एवढी कशी उतरली?' असं कुणाच्या तरी तोंडून निघतं. घरी ते निघत नाही. एडमंटनमध्ये पिशवी रिकामी झाल्यावरच चूक कळली.

बरोबर उत्तर लेबलवर छापलेलं होतं

या प्रकरणातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. फार्मसीने पिशवीवर लावलेल्या लेबलवर वेग दोन तऱ्हांनी दिला होता: २४ तासांना २८.८ एमएल, आणि कंसात तासाला १.२ एमएल. म्हणजे गणित करायची गरजच नव्हती. फार्मसीने ते आधीच करून दिलं होतं, आणि बरोबर करून दिलं होतं.

मग सिस्टरने पुन्हा का केलं? कारण तिला तसंच शिकवलेलं होतं. लेबलवर विसंबू नका, स्वतः करून पाहा. ही शिकवण चुकीची नाही, तिने अनेक जीव वाचवले आहेत. सिस्टरने स्वतः आकडेमोड केली, दोन भागाकार झाले, २८.८ आले. तिने लेबलकडे पाहिलं. तिथे २८.८ लिहिलेलंच होतं! मनाला जी खात्री हवी होती ती मिळाली. आकडा जुळला की डोळा पुढचं वाचत नाही. '२४ तासांना' हे शब्द तिथेच होते, १.२ तिथेच होता, पण जुळलेल्या आकड्याने दोन्हींवर पडदा टाकला. नवख्या माणसाचं असं होतं म्हणावं, तर अनुभवी माणसाचं जास्त होतं. अनुभवी डोळा भराभर वाचतो, आणि भराभर वाचणं म्हणजे आपल्याला हवं ते आधी उचलणं.

शिवाय लेबलवर डोस होता, डोस शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने किती तो होता, रोजचे मिलिग्रॅम होते, द्रावणाची तीव्रता होती, दिवसाचे एमएल होते, तासाचे एमएल होते. यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी कामाचा. औषध बनवणाऱ्याला काही हवेत, डॉक्टरला काही. पंपापुढे उभ्या असलेल्या सिस्टरला मात्र एकच आकडा हवा होता, आणि तो कंसात होता.

दुसरी सही

नियमाप्रमाणे दुसऱ्या सिस्टरने तपासणी केली. तिने आयता आकडा बघून मान डोलावली नाही. तिनेही गणित केलं, कॅल्क्युलेटरशिवाय, मनात आणि कागदाच्या तुकड्यावर. तिचंही उत्तर २८.८ आलं. चोविसाने भागायचं तिच्याकडूनही राहिलं.

दोन माणसं, दोन वेगळे प्रयत्न, एकच चूक. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. शाळेत आपण भागाकाराचा ताळा कसा करायचो? पुन्हा भागाकार करून नाही. गुणाकार करून. उत्तराला भाजकाने गुणायचं, बाकी मिळवायची आणि मूळ आकडा परत येतो का ते बघायचं. आपल्या मास्तरांना ठाऊक होतं की ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने पुन्हा गेलं, तर जिथे हातचा विसरला तिथेच तो पुन्हा विसरतो. परतीची वाट वेगळी असली तरच ताळा.

इथे खरा ताळा करून पाहू. २८.८ एमएल तासाला, असे ९६ तास. गुणाकार येतो २,७६४.८ एमएल, म्हणजे पावणेतीन लिटर. आणि हातातल्या पिशवीत औषध होतं सुमारे ११५ एमएल. चहाच्या कपाएवढं. किंवा उलट बाजूने: ११५ एमएल, तासाला २८.८, किती तास पुरेल? चार. चार दिवसांची पिशवी चार तासांत रिकामी होणार हे कळायला तिसरीतलं गणित पुरे होतं. पण तो प्रश्न कुणी विचारायचा हे कार्यपद्धतीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. कार्यपद्धती म्हणत होती: दोघींनी वेग काढा. दोघींनी काढला.

आपल्याकडेही हेच चालतं. 'डबल चेक' म्हणून चार्टवर दोन सह्या असतात. दुसरी सही करणारीला आपण सांगतो, 'जरा बघून सही कर गं'. काय बघायचं, कसं बघायचं, हे सांगत नाही. दुसऱ्या सहीला स्वतःची वेगळी वाट दिलेली नसेल, तर ती पहिल्या सहीचा आरसा असते.

पंप बिघडलेला नव्हता

आता उपकरणाकडे येऊ. तो पंप चाचणीच्या टेबलावर ठेवला असता, तर उत्तीर्ण झाला असता. वेगाची अचूकता, बॅटरी, अलार्म, विद्युत सुरक्षा, सगळं ठीक. त्याला २८.८ सांगितलं, त्याने तासाला २८.८ दिले. आपल्या रुग्णालयांत बायोमेडिकल विभाग वर्षाकाठी यंत्र तपासतो, कॅलिब्रेशनचं स्टिकर लावतो, तारीख घालतो. ते काम गरजेचं आहे आणि मन लावून केलं जातं. पण एडमंटनचा पंप त्या स्टिकरसकट तसाच चालला असता.

त्या पंपाने २८.८ हा आकडा निमूट स्वीकारला. हे कोणतं औषध आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. या औषधाला तासाला इतका वेग कधीच नसतो, हे सांगणारी यादी त्याच्यात नव्हती. पंपापुढे बसलेल्या माणसाच्या डोक्यात 'चार दिवस' होतं, आणि पंपाने तिला 'चार दिवस' कधी विचारलंच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये या विषयावर काम करणारे संगणकशास्त्रज्ञ हॅरल्ड थिंबलबी यांनी या प्रकरणाचा वारंवार अभ्यास केला आहे. त्यांचा मुद्दा असा: कॅल्क्युलेटर काय आणि पंप काय, नुसत्या आकड्यांवर चालतात. एककं माणसाच्या डोक्यात राहतात, आणि चूक नेमकी एककांत होते. डोस, तीव्रता आणि कालावधी हे तिन्ही यंत्रालाच दिले असते, तर भागाकार त्यानेच केला असता.

तपास कसा झाला

अल्बर्टा कॅन्सर बोर्डाने इथे एक मोठं काम केलं. आपल्या घरातली चौकशी घरातच न ठेवता त्यांनी आयएसएमपी कॅनडा, म्हणजे औषधोपचारातल्या चुकांचा अभ्यास करणाऱ्या स्वतंत्र संस्थेला बोलावलं. २००७ मध्ये त्यांचा मूळ कारणांचा अहवाल आला आणि तो सगळ्यांना वाचायला खुला केला. म्हणूनच आज मी मराठीत त्याबद्दल लिहू शकते. एखादं रुग्णालय स्वतःचं दुःख असं उघड करतं, तेव्हा जगभरच्या हजारो सिस्टर्सना त्याचा उपयोग होतो. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं.

तपास करणाऱ्यांनी 'कोण चुकलं' इथे थांबायचं नाही असं ठरवलं होतं. मानवी घटकांचे जाणकार, म्हणजे माणूस यंत्रापुढे कसं काम करतो आणि कुठे चुकतो हे अभ्यासणारे, सोबत होते. त्यांनी परिचारिकांना त्याच प्रकारच्या पंपापुढे बसवलं, तसंच काम दिलं आणि बघितलं. त्या परिचारिकाही पंपापुढे अडखळल्या. एका माणसाच्या निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून हे प्रकरण बंद करायची सोय तिथे संपली. जागा बदलून दुसरं माणूस बसवलं तरी पाय तिथेच अडकत असेल, तर खड्डा वाटेत आहे.

अहवालातून पुढे आलेल्या सुधारणांत लेबल पहिलं. पंपावर टाकायचा आकडा तोच आणि तसाच लेबलवर ठळक असावा, २४ तासांचा वेग काढून टाकावा. कमाल मर्यादा ओळखणारे पंप आणावेत. दुसऱ्या तपासणीची रीत नव्याने बांधावी. यातली लेबलची सुधारणा बघा: तिला नवं यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. फार्मसीच्या संगणकातली एक ओळ बदलावी लागते. पण ती ओळ बदलायची हे कळायला कुणीतरी सिस्टरच्या खांद्यामागे उभं राहून ती लेबल कसं वाचते हे बघावं लागतं.

पंपाला पर्यायही आहे. आकडाच टाकावा लागत नाही अशी साधी साधनं मिळतात: कडक बाटलीच्या आत ताणलेला फुगा, आणि ठरावीक वेगाने औषध सोडणारी बारीक नळी. आकसणारा फुगा औषध ढकलत राहतो. बटण नाही, पडदा नाही. तिथे दुसऱ्या चुका होऊ शकतात, चुकीच्या वेगाची बाटली उचलली जाऊ शकते, तापमानाने वेग थोडा बदलतो. पण चोविसाने भागायचं राहिलं ही चूक त्या साधनापुढे होऊच शकत नाही.

आणखी एक नोंद करायला हवी. फ्लुरोयुरॅसिलचा डोस जास्त गेला तर द्यायचा उतारा, युरिडिन ट्रायअ‍ॅसिटेट, याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१५ मध्ये मान्यता दिली. औषध संपल्यापासून ९६ तासांच्या आत तो सुरू करावा लागतो. या बाईंसाठी ही मान्यता नऊ वर्षं उशिरा आली.

कुणी मेलं नाही तेव्हा काय बघायचं

एका मृत्यूपासून मागे जाऊन रोजचं काम तपासणं ही एक पद्धत. तिची अडचण अशी की शेवट आधीच माहीत असतो, आणि मागे वळून पाहताना सगळ्या खुणा ठळक दिसतात. दुसरी पद्धत म्हणजे काहीही न घडलेल्या दिवशी वॉर्डात जाऊन उभं राहणं.

इंग्लंडमध्ये 'एक्लिप्स' नावाच्या संशोधनात हेच केलं गेलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अ‍ॅन ब्लँडफर्ड यांच्या नेतृत्वाखाली १६ रुग्णालय संस्थांत निरीक्षक खाटेपर्यंत गेले. शिरेतून काय चाललं आहे आणि कागदावर काय लिहिलं आहे, हे त्यांनी ताडून पाहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: १,३२६ रुग्ण, २,००८ इन्फ्युजन. त्यांतल्या १,०६५ ठिकाणी, म्हणजे ५३ टक्क्यांत, काही ना काही तफावत. चूक म्हणावी अशी गोष्ट २३१ ठिकाणी, म्हणजे ११.५ टक्के. आणि इजा होऊ शकेल अशा चुका फक्त २३, म्हणजे १.१ टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ५३ वर थबकले. नंतर लक्षात आलं की खरी माहिती ५३ आणि १.१ टक्के यांच्या मधल्या फटीत आहे. नियम आणि काम निम्म्या वेळा जुळत नाहीत, तरी रुग्ण सुखरूप असतात. म्हणजे काही नियम कामाशी जुळत नाहीत, काही नोंदी निव्वळ नोंदींसाठी आहेत, आणि बऱ्याचदा सिस्टर स्वतःच्या अकलेने वाट काढून रुग्णाला सांभाळत असते. ती वाट कुठे सुरक्षित आहे आणि कुठे एडमंटनकडे जाते, हे कागद बघून कधीच कळणार नाही. याच अभ्यासात मर्यादा ओळखणारे स्मार्ट पंप असलेल्या आणि नसलेल्या ठिकाणी फारसा फरक दिसला नाही. एडमंटननंतर 'स्मार्ट पंप आणा' हा सल्ला सगळ्यांनी दिला होता आणि तो मला आजही पटतो. पण यंत्र आणल्याने काम संपत नाही. औषधांची यादी कोण भरतं, कोण अद्ययावत ठेवतं, घाईत ती यादी टाळून थेट वेग टाकला जातो का, हे पुन्हा खाटेपाशीच जाऊन बघावं लागतं.

आपल्या वॉर्डात

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या रुग्णालयात पंप एखाद-दुसरा असतो, बाकी सगळं सलाईनच्या चाकावर. तिथेही गणित हेच. ५०० एमएल आठ तासांत द्यायचं, सेटवर एमएलला २० थेंब लिहिलेलं: मिनिटाला साधारण २१ थेंब. तोच वेग ६० थेंबांच्या मायक्रोड्रिपवर ठेवला तर एक तृतीयांशच जाईल. अतिदक्षता विभागात सिरिंज पंपावर रक्तदाब सावरणारं नॉरअ‍ॅड चालतं, डॉक्टर मायक्रोग्रॅम-किलो-मिनिटात बोलतात, पंप एमएल-तासात ऐकतो, आणि मधलं भाषांतर रात्री तीन वाजता बारा तासांच्या ड्युटीवरची सिस्टर करते. एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेली की ५० एमएलमध्ये किती अँप्यूल घालायच्या ही रीतही बदललेली असते.

भारतात वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो, आणि परिचारिकाही त्यात तक्रार नोंदवू शकतात. पण पंप बिघडला तरच तक्रार करायची, अशी आपली समजूत घट्ट आहे. धडधाकट पंपापुढे माणूस अडखळला, वेळेत सावरला आणि रुग्णाला काहीच झालं नाही, ही गोष्ट चहाच्या वेळी मैत्रिणीला सांगून विसरली जाते. उपकरण तपासायचं असेल तर मला आधी ती चहाच्या वेळची गोष्ट हवी आहे, आणि ती सांगणाऱ्या सिस्टरला मेमो मिळणार नाही याची लेखी हमीही.

तोवर एक काम आजच्या ड्युटीपासून करता येतं. नातेवाईक आपल्याला दर अर्ध्या तासाने विचारतात, 'सिस्टर, हे कधी संपेल?' आपण वैतागतो, 'संपेल तेव्हा सांगते' म्हणतो. पण एडमंटनच्या त्या खोलीत कुणी विचारायला हवा होता तो प्रश्न हाच. बाटलीवर चिकटपट्टी लावून सुरू केल्याची आणि संपण्याची वेळ लिहायची जुनी रीत अनेक मेट्रन आजही पाळायला लावतात. दुसरी सही करणारीने वेग काढूच नये. तिने फक्त पिशवीतले एमएल आणि पंपावरचा आकडा घ्यावा, भागावं, आणि पट्टीवर संपण्याची वार-वेळ लिहावी. सोमवारी सकाळी दहाला लावलेल्या चार दिवसांच्या पिशवीवर तिच्या हातून 'सोमवार, दुपारी दोन' असं लिहिलं गेलं असतं, तर पेन तिथेच थांबलं असतं.